डिकी न उघडता

“डिकी उघडायची नाही,” बाईनं आल्या आल्या बजावलं. “बाकी काय करायचं ते करा.”

हवालदारनं गाडीकडे पाहिलं. जुनी, रंग उडालेली गाडी. पुढून ठीक होती, मागून मात्र भरपेट जेवून फतकल मारल्यासारखी बसली होती. मागची चाकं अर्धी मडगार्डात शिरली होती.

तो काही खरा हवालदार नव्हता, गॅरेजवाला होता. पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, म्हणून अख्ख्या रस्त्यानं त्याला हे नाव बहाल केलं होतं. एकदा कुलपावरच्या ओरखड्यावरून त्यानं चोरीची गाडी ओळखली, तेव्हापासून तर स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. “उद्या यम आला तर त्यालाही विचारशील, रेड्याचे कागद आहेत का,” असं बायको म्हणायची.

“स्प्रिंगा बसल्यात, ताई. नव्या टाकाव्या लागतील.”

“नव्या नाही परवडायच्या.”

“मग भंगारातून आणतो, मोठ्या गाडीच्या. कडक असतात त्या. वरून रबर घालतो. पण धक्के बसतील हं.”

“बसू देत. गाडी भरलेली असली तरी मागून रिकामी दिसली पाहिजे, एवढंच बघा.”

हवालदारचे कान टवकारले. लोक यायचे ते गाडी आरामात चालावी म्हणून. भरलेली गाडी रिकामी दिसावी, ही मागणी त्याच्या दारात पहिल्यांदाच आली होती.

“एवढं भरलंय तरी काय?”

“घरचंच सामान.”

“मग उतरवून ठेवतो बाजूला. काम सोपं होईल.”

“नको.” तिनं जुडग्यातली डिकीची किल्ली काढून मुठीत धरली. “वरच्या घाटानं जायचंय, आजच. चढेल ना?”

“चढेल की. घाटापलीकडे कोण आहे?”

“दुपारच्या चहाआधी द्या,” असं म्हणून ती निघून गेली.

दाल में काला नव्हे, इथं अख्खी डाळच काळी होती. गाडी जॅकवर घेताना आतून भांड्यासारखं काहीतरी खणखणलं. स्टेपनी मागच्या सीटच्या पायाशी पडलेली. म्हणजे तिच्या जागेतही माल कोंबला होता. घरच्या सामानाला कुणी असं लपवतं का? हवालदार स्प्रिंगा बसवत राहिला, पण डोकं डिकीतच अडकलं होतं. पोलिसांकडे जावं, तर हातात पुरावा नाही. गप्प बसावं, तर उद्या आपल्याच गळ्याशी यायचं.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हलका आवाज.

“उस्ताद, घोटभर पाणी मिळेल का?”

पाणी पिऊन त्यानं पेला स्वतः विसळला आणि उपडा ठेवला. हवालदारला माणूस आवडला. मग त्या माणसाची नजर गाडीवर गेली.

“ही इथं कशी?”

“ओळखीची आहे?”

“थोडीफार. एक बाई घेऊन आल्या ना?”

“तरी मला वाटलंच!” हवालदार पान्यासकट पुढे सरसावला. “चोरीचा माल आहे ना? गोदामातला वगैरे?”

माणसानं एकदा गाडीकडे, एकदा हवालदारकडे पाहिलं. मग हसला.

“तुमच्यापासून काय लपणार, उस्ताद! गोदामातलाच. मी तिथला मॅनेजर. पण बाईमाणूस आहे, पोलीस कशाला? चार शब्द समजावून सांगावे म्हणतो.”

एवढी पारख करणारा माणूस हवालदारला बऱ्याच काळानं भेटला होता. मग काय, त्यानं भडाभडा सगळं ओतलं. किल्लीचं सांगितलं, स्टेपनीचं सांगितलं, रिकामी दिसायला हवी हेही सांगितलं. घाटाचा रस्ता सांगितला, निघायची वेळ सांगितली.

“तिला मात्र काही बोलू नका,” माणूस म्हणाला. “मी घाटाच्या तोंडाशी गाठतो. तिथं निवांत बोलता येईल.”

हवालदारनं त्याला रस्त्यापर्यंत सोडलं.

बाई वेळेआधीच आली. गाडी आता सरळ उभी होती. तिनं मागे जाऊन वाकून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसली. मग हातातली पिशवी ठेवायला तिनं स्वतःच डिकी उघडली.

हवालदार मान वाकडी करून बघू लागला. आत दोन दप्तरं होती. लहान मुलांचे स्वेटर, एक कुकर, स्टोव्ह, घडी घातलेली गोधडी, आणि फटीत कोंबलेली एक कापडी बाहुली.

“हे... घरचं सामान आहे,” तो म्हणाला.

“सांगितलं होतं की. रोज थोडं थोडं आणून ठेवत होते. पण दाराशी उभी गाडी बसायला लागली आणि माझी झोप उडाली. सासूबाईंची नजर घारीची, आणि शाळेचा रस्ता घरावरूनच जातो.”

“पण तुमच्या गोदामात—”

“कुठलं गोदाम? मी घरीच असते.” तिनं त्याच्या हातात पैसे कोंबले आणि गाडीत बसली. “निघते. मुलं शाळेच्या फाटकात उभी असतील. बहिणीकडे पोचलो की सुटलो.”

हवालदारला काहीतरी विचारायचं होतं, पण इंजिन सुरू झालं होतं. गाडी रस्त्याला लागता लागता तिनं काचेतून मान बाहेर काढली.

“दादा, तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. मागच्या खेपेला नवऱ्यानं वाटेत गाठून माझा हात मोडला होता. आताही तो शोधत येईल. ओळखू यायचा नाही, फार गोड बोलतो, समोरच्याच्या मनात जे असेल तेच होऊन दाखवतो. त्याला फक्त घाटाचं सांगू नका!”