व्यक्तिशः ओळखते
चौथ्यांदा निवडून आलेल्या नगरसेविकेला सगळा प्रभाग ताई म्हणायचा आणि ती प्रत्येकाला भाऊ म्हणायची. नावं लक्षात ठेवायची कटकट नको. रुग्णालयात खाट मिळायला तिचं शिफारसपत्र लागायचं. त्यावर छापलेलंच होतं, ‘या कुटुंबाला मी व्यक्तिशः ओळखते.’ मान खाली घालूनच ती सही करायची, शिक्का मारायची. “ताई, तीन दिवस फोन करतोय,” बसलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं. “फोन पीए घेतो, भाऊ. नाव तुम्ही भरा. वय?” “एकोणऐंशी. दम लागतो. सारखी ताईला बोलवा म्हणते.” ती सुखावली. म्हाताऱ्यांची मतं तिलाच पडायची. सही झाली, शिक्का बसला. एक रकाना राहिला होता. “रुग्णाशी नातं काय, भाऊ?” “तुझं आहे तेच.” तिनं मान वर केली. समोर सख्खा भाऊ उभा होता. रांगेतून आवाज आला, “ताई, आटपा जरा.”