सत्तावीस नंबरचे आजोबा

आपण रोज किती चालतो हे लोक फॉर्मवर लिहितात, ते कितपत खरं धरायचं हे तपासणं माझं काम. एकच फॉर्म आम्ही पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा भरून घेतो आणि मधला एक आठवडा पावलं मोजणारा पट्टा कमरेला बांधायला देतो. थापा पकडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

आज माझी सहकारी हसतच टेबलापाशी आली.

"सर, हे सत्तावीस नंबरचे आजोबा बघा. दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच लिहिलंय, 'रोज संध्याकाळी सहाला अर्धा तास फिरतो, मुलाबरोबर.' आणि पट्ट्यावर काय, तर सहाला अकरा पावलं, साडेसहाला पुन्हा अकरा. सातही दिवस. मधे काही नाही."

"पठ्ठ्या निदान थापेला तरी पक्का आहे," मी म्हणालो आणि हसत फॉर्म हातात घेतला.

फॉर्मवर नाव नसतं, पण अक्षर ओळखीचं होतं. एक माणूस कमी पडत होता म्हणून तो पट्टा मीच बांधून आलो होतो. "आठवडाभर रोज सहाला येतो, आपण फिरायला जाऊ," असंही सांगितलं होतं. एकही दिवस जमलं नाही.



बाबांच्या खुर्चीपासून घराच्या दारापर्यंत बरोबर अकरा पावलं होतात.