पाचवा पेला

"आन् ती वाइन प्यायची नाय?" मिठागराच्या बांधावर चांगुणानं लेकाला तिसऱ्यांदा विचारलं. नवरा दारूपायी गेला तेव्हापासून बाटली दिसली तरी ती वाट बदलायची.

"नाय गो आये," हरेश म्हणाला. त्याच्या मुंबईच्या हॉटेलानं सगळ्या वेटरांतून त्याला एकट्याला निवडलं होतं. शिकून तो सोमेलिए होणार होता, म्हणजे चव घेऊन पाहुण्यांना वाइन निवडून देणारा जाणकार. "घोट जिभेवर घोळवायचा, चव ओळखायची आन् भांड्यात थुकायचा. तू वाफ्यातलं पानी चाखतेस, मीठ कधी धरंल ते सांगतेस आन् थुकतेस ना? तसंच."

चांगुणानं सवयीनं वाफ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"माझ्या पान्याची गोष्ट येगळी हाय, बाबा. ते गिळावंसं वाटतच नाय."

परवा पहिल्याच वर्गात हरेशसमोर आठ पेले होते. बाकीच्यांनी आठही घोट थुंकले. त्याचा पाचवा कधी घशाखाली उतरला, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. तेवढंच आईला सांगायला तो सकाळची पहिली एसटी धरून पेणला आला होता.

"सगळे थुकलास ना रे?"

"व्हय गो," तो म्हणाला, आणि म्हणताना बाप वळवायचा तसंच त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं.