एकेचाळिसावं पोर

तिसऱ्यांदा बेल वाजवली तरी दार उघडेना. नर्स प्रणिता वैतागली. आत माणसं होती. कुकरच्या शिट्ट्या काय आपोआप होतात? आखातातल्या महबूला वस्तीतल्या या इमारतीत दवाखान्याच्या यादीवर एकेचाळीस पोरं होती. चाळिसांची गोवराची लस पुरी झाली होती. राहिली होती एकटी हिना, वय वर्षं दोन. तिच्यापायी नर्सबाई तीन आठवडे चार मजले चढत होत्या.

हिनाची आई बानू रत्नागिरीकडची. बोलायला साखर, कामाला नन्नाचा पाढा. पहिल्यांदा म्हणाली, पोरीला ताप आहे. मग म्हणाली, मजीद कामावर गेलेत, नवऱ्याला विचारल्याशिवाय कसं? पुढे म्हणे पोर झोपली आहे, आत्ताच डोळा लागला. सगळं दारातून. आत या म्हणणं नाही, पाणी विचारणं नाही. कोकणातली बाई आणि पाणी विचारत नाही, हे प्रणिताला लसीपेक्षा जास्त झोंबलं होतं.

त्यात शेजारच्या इमारतीत दोन मुलांना गोवर निघालेला. दवाखाना दर शनिवारी इथे तळमजल्यावर टेबल मांडत होता. यादी शंभर टक्के झाली की टेबल उचलून पुढच्या गल्लीत न्यायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. तुमच्यामुळे पुढची पोरं खोळंबली आहेत, हे प्रणिताने बानूला दहादा ऐकवलं होतं. म्हटलं, जनाची नाही तर मनाची तरी वाटेल. कसलं काय.

शेवटी दार उघडलं. प्रणिताने श्वासही न घेता सगळं सुनावलं. शिकलेली माणसं अशी वागतात, मग आजार आला की दवाखान्याच्या नावाने बोंबलतात. शनिवारी हिनाला आणायचं कबूल केल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असंही सांगितलं. बानूने खाली मान घालून ऐकून घेतलं. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, आत या.

आत चटईवर हिना धरून सहा पोरं ओळीने बसली होती. दोन बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकीच्या खांद्यावर चार महिन्यांचं बाळ होतं. प्रणिता बघतच राहिली. या घरातून तिच्या यादीवर फक्त हिनाचं नाव होतं.

बानूने हळूहळू सांगितलं. घर मजीदच्या नावावर. दोन खोल्यांत फिजा आणि जवेरिया यांची कुटुंबं राहत होती, आणि पोटभाडेकरू ठेवायला मालकाची सक्त मनाई. म्हणून वही घेऊन कोणी आलं की या बायका पोरांना घेऊन समुद्रावर जात. कागदावर नाव गेलं की घर गेलं, हीच भीती. कालपर्यंत दोघीही ऐकत नव्हत्या. शेजारी गोवर निघाल्याचं कळलं, आणि आज सकाळी फिजाच रडत म्हणाली, बोलव त्यांना.

प्रणिताने बाळाकडे पाहिलं. चार महिन्यांच्या बाळाला ही लस देता येत नाही. ते वाचणार ते भोवतालच्या पोरांना लस मिळाली तरच. आणि भोवतालच्या, हिनाखेरीज आणखी पाच पोरांना एकही डोस नव्हता. ती बायकांना म्हणाली, मला घराच्या कागदाशी काही देणंघेणं नाही, फक्त नाव आणि जन्मतारीख सांगा. तिने वहीत बाळ धरून सहा नावं लिहिली. शंभराच्या तोंडाशी आलेला आकडा धाडकन खाली आला. शनिवारचं टेबल आता हलत नव्हतं.

मग ती म्हणाली, निदान शनिवारी सगळ्यात आधी हिनाला तरी आणा.

बानूने कपाटातून एक कार्ड काढून पुढे केलं. गावाकडच्या, चिपळूणच्या दवाखान्याचा शिक्का, गेल्या मे महिन्याची तारीख. हिनाची लस कधीच पुरी झाली होती.

प्रणिताचा पारा पुन्हा चढला. “मग तीन आठवडे मला कशाला नाचवलंत?”

“हे त्याच दिवशी दाखवलं असतं, तर तुमची यादी पुरी झाली असती, सिस्टर,” बानू म्हणाली. “मग या पोरांसाठी परत कोण आलं असतं?”