चौथी किक

"त्या क्षणी कप्तान तुमच्या कानात काय म्हणाले होते, सर? आज त्यांच्यासमोरच सांगून टाका!" निवेदिकेने माइक त्याच्या तोंडाशी धरला.

त्याच्या पाठीमागे तोच फोटो भिंतभर लावला होता. सोळा वर्षांचा एक मुलगा मैदानात गुडघ्यांवर बसून रडतोय, आणि त्याच्याच वयाच्या कप्तानाने त्याला मिठीत घेतलंय, ओठ कानाशी. राष्ट्रीय युवा फुटबॉल संघ उपांत्य फेरीत हरला, तेव्हाचा. हा फोटो शाळांच्या भिंतींवर लागला, पाठ्यपुस्तकात गेला, एका विमा कंपनीच्या जाहिरातीतही झळकला. मिठी मारणाऱ्याच्या आयुष्याचं सोनं झालं. तो मोठ्यांच्या संघात गेला, मग समित्यांवर गेला, आणि आता मुलींच्या युवा संघाचा प्रशिक्षक होता. लोक त्याला अजूनही कप्तानच म्हणत. रडणाऱ्याचं नाव लोकांनी 'आभाळ्या' ठेवलं, कारण त्याने पेनल्टी गोलात मारायची सोडून आभाळात मारली होती. आता त्याचं टायरचं दुकान होतं. हवा भरायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा जाता जाता टोमणा मारायचं, "बेतानं भर बाबा, गाडी आभाळात जायची." तो हसायचा. न हसून करतो काय?

आभाळ्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत संघाच्या मुली बसल्या होत्या, कोऱ्या करकरीत ट्रॅकसूटमध्ये. कार्यक्रम संपला की तिथूनच त्यांची बस विमानतळाकडे निघणार होती. त्यांच्यात त्याची लेक होती. दुकानामागे टांगलेल्या जुन्या टायरमधून चेंडू मारून मारून ती तयार झाली होती. बापाने या खेळाचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. पोरीने त्याला भीक घातली नाही. तिच्या शेजारी कप्तानाची मुलगी होती. संघाचं नेतृत्व तिच्याकडेच होतं, आणि खरं सांगायचं तर ती खेळायचीही बरी.

कार्यक्रमाआधी पडद्यामागे कप्तानाने आभाळ्याच्या खांद्यावर हात टाकला होता.

"पोरगी गुणाची आहे रे तुझी. पहिल्या अकरात घेतोय तिला." मग जरासं थांबून म्हणाला, "ते फोटोचं विचारतील. नेहमीचंच सांग."

त्या दिवशी सामना बरोबरीत सुटला होता आणि पेनल्टी सुरू झाल्या होत्या. दोन्ही संघांना पाच-पाच किक. समोरच्यांच्या चारही गोलात गेल्या. आपल्या तिघांपैकी दुसऱ्याची अडली. तो दुसरा कोण, हे आज कोणाला आठवतही नाही. नशीब असतं एकेकाचं. चौथी किक कप्तानाची होती, पाचवी आभाळ्याची. तेवढ्यात कप्तान त्याच्याजवळ आला. "चौथी तू मार. शेवटची सगळ्यात जड असते, ती मी घेतो." केवढं मोठं मन, असं वाटून आभाळ्याचा ऊर भरून आला. तसाच भरल्या उराने तो चेंडूकडे चालत गेला, आणि पुढचं सगळ्या देशाने पाहिलं.

"सर?" निवेदिकेने पुन्हा विचारलं.

लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती. हे वाक्य ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

"म्हणाला, रडू नकोस," आभाळ्याने सांगितलं. "हरलो ते आपण सगळे हरलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कप्तानाने डोळे टिपले, आणि ते नाटक नव्हतं. इतक्या वर्षांत बहुधा त्यालाही तसंच आठवायला लागलं असावं. तो उठला, पुढे आला आणि त्याने आभाळ्याला पुन्हा मिठी मारली. कॅमेरे लखलखले.

खरं तो म्हणाला होता, "सुटलो रे बाबा! माझ्यावर आलीच नाही."

गणित साधं होतं. चौथी चुकली की सामना तिथेच संपणार होता, पाचवी मारायची वेळच येणार नव्हती. खरी जड होती ती चौथीच. आभाळ्याला हे त्या मिठीत कळलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी विचारलं तेव्हा खरं बोलायची त्याची छाती झाली नाही. सामना घालवणाऱ्याचं ऐकतंय कोण? जे तोंडाला आलं ते त्याने सांगितलं, आणि मग तेच सांगत राहिला. कप्तानाला त्याने केव्हाच माफ केलं होतं. तेही सोळा वर्षांचं पोर होतं, पाय लटपटले असतील. त्याला चीड यायची ती स्वतःची. ते खोटं इतकी वर्षं घासूनपुसून चकचकीत ठेवलं होतं ते त्यानेच. आज निदान पोरीच्या कामी आलं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बाहेर बस सुरू झाली होती. लेकीने खिडकीतून हात काढून त्याचा हात पकडला. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"बाबा, काकांनी आत्ताच पेनल्टीचा क्रम सांगितला. चौथी मी मारणार! आधी ती त्यांच्या मुलीची होती. पण काका म्हणाले, शेवटची सगळ्यात जड असते, ती माझ्या मुलीवर टाकतो. केवढं मोठं मन आहे ना, बाबा?"