ऊन सगळ्यांना

आमच्या नडियादच्या गच्चीवर पापडांना ऊन मिळतं, कैरीच्या फोडींना मिळतं, माझ्या चार महिन्यांच्या ध्रुविनच्या लंगोटांना तर सगळ्यात आधी मिळतं. माझे आतले कपडे मात्र न्हाणीघरात, दाराआड, टॉवेलखाली. माझ्या सासूबाईंचा, कोकिलाबांचा, तसा नियमच. "समोर पटेलांचं घर आहे, वहू!"

योनीमार्गात सतत खाज सुटायला लागली, तेव्हा घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, बुरशी आहे म्हणाल्या, मलम दिलं, माझं सुवासिक वॉश बंद केलं आणि आतले कपडे कुठे वाळत घालते तेही विचारून घेतलं. "नुसतं पाणी पुरे. सुती कपडे घाल. आणि काय गं, बाळाचा लंगोट दमट राहिला तर?"

"पुरळ येतं ना!" मी हुशार मुलीसारखं सांगितलं.

"मग तुझेच कपडे का दमट?"

मलमाची ट्यूब मी बाळाच्या पावडरमागे लपवली. सकाळी कपडे गच्चीवर नेले खरे, पण बांच्या भीतीने वरून लंगोट पसरले. दुपारी बघते तर लंगोट बाजूला सारलेले, माझे कपडे भर उन्हात, आणि त्यांच्या शेजारी बांचेही, नीट चिमटे लावून. बा पापड उलटत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,



"पावडरमागची ट्यूब बघितली मी. पुढच्या वेळी मलाही ने त्या डॉक्टरिणीकडे. खाज काय फक्त शिकलेल्यांनाच सुटते?"