रखमाजीचा हात

फांदी खाली वळली तेव्हा तातेरावच्या तळहातांना घाम फुटला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती हलली होती.

अशी दुबेळकी, दोन फाट्यांची फांदी धरून पाणी शोधायला त्याला रखमाजीनं शिकवलं होतं. औंढ्यापासून वारंग्यापर्यंत रखमाजीनं दाखवलेली एकही विहीर कोरडी गेली नव्हती. परभणीच्या तालुकदार साहेबानं त्याला फेटा बांधला होता. सदतीस सालच्या पावसाळ्यात रखमाजी तापानं गेला. जाताना तातेरावचे हात धरून म्हणाला, "माज्यापाशी एवढंच हाय, लेकरा. आता तुजं."

लोक तातेरावला बोलवू लागले. पाच गावची रानं त्यानं पायाखाली घातली. फांदी मेल्यासारखी पडून राहायची.

"बापाचा हात पोरात उतरला न्हाई," लोक म्हणाले. बोलावणं बंद झालं.

आणि आता ती वळली, ती घरच्या रानात.

तान्ह्या तातेरावला घेऊन भागाबाई साखऱ्याबाहेरच्या या माळावर राहायला आली, तेव्हा आसपास एकही घर नव्हतं. अजूनही नव्हतं. "आपल्या रानात पाणी न्हाई," रखमाजी सांगायचा. भागाबाईनं सारा जन्म कोसभरावरच्या ओढ्यातून घागरी वाहिल्या. यंदा ओढाही आटला होता. मेंढरं माना टाकत होती.

तातेराव पळतच झोपडीशी आला.

"आई, बाभळीपाशी फांदी वळली!"

भागाबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"कोन्या अंगाला?"

"उगवतीच्या. आबा चुकले म्हनायचे."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "खांद."

दुसऱ्या दिवशी तांड्यावरचा थावरा कुदळ घेऊन आला. दुपारपर्यंत दोघं कमरेइतके खाली गेले. थावरानं मूठभर माती चुरून पाहिली.

"हितं मुरूम लागाया पायजे. ही माती मऊ काहून हाय? कुनीतरी आधी खांदून बुजवलंय."

"कोन बुजवील? आमच्याबिगर हितं कुनी राहिलंच न्हाई."

तातेरावनं खड्ड्यातच फांदी धरून पाहिली. ती एवढ्या जोरानं खाली ओढली गेली, की तळहाताची साल निघाली. पण माती कोरडी ठणठणीत होती. ओलीचा वासही नव्हता.

तिसऱ्या दिवशी पुरुषभर खोलीवर थावराची कुदळ अडली. त्यानं वाकून पाहिलं, आणि वर चढून दूर जाऊन बसला.

तातेराव उतरला. हातांनीच माती बाजूला केली. आधी बरगड्या दिसल्या. मग कवटी. ती मागच्या बाजूनं फुटलेली होती. मनगटाच्या हाडात चांदीचं कडं होतं.

"आई!" तो ओरडला. "हितं मानूस पुरलाय कुनी!"

तीन दिवसांत भागाबाई पहिल्यांदाच खड्ड्याच्या काठाशी आली. ती दचकली नाही. तिनं खाली पाहिलं, आणि घरधन्यासमोर ओढावा तसा डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढला.

"हळू काढ," ती म्हणाली. "ही हीर तुज्या बापानंच खांदाया घेतली व्हती. रखमाजी तवा नुसता पानी दाखवाया आला व्हता."